अठरा वर्षांनी आलेला 'विलियान्स ओगा': पुनरागमन की मागील पानावरून पुढे चालू?

बेसूर_बाळ्या (धागाकर्ता):
एंग्लागोर्ड हा स्टॉकहोमचा प्रोग्रेसिव्ह रॉक (थोडक्यात प्रॉग) बँड. १९९२ साली 'हिब्रिस', १९९४ साली 'एपिलोग', आणि त्याच वर्षी गाशा गुंडाळला. दोन्ही अल्बम मिळून दीड तासही भरत नाही, पण तेवढ्यावर जगभर भक्तमंडळी जमली. मीही त्यातलाच. हॉस्टेलवर मित्राने हिब्रिसची सीडी कॉपी करून दिली होती, ती झिजेपर्यंत ऐकली. २००३ मध्ये ही मंडळी अमेरिकेत निअरफेस्ट या प्रॉग महोत्सवात वाजवून गेली, वाटलं आता अल्बम येणार. पुन्हा सामसूम. शेवटी २०१२ मध्ये 'विलियान्स ओगा' आला.

बराच काळ मनात असलेलं आज लिहून टाकतो. वाजवलंय अप्रतिम, पण मला हा अल्बम पोचत नाही. चार रचना, सत्तावन्न मिनिटं, तोच मेलोट्रॉन, तीच आना होल्मग्रेनची बासरी, तेच शांत शांत असताना अचानक अंगावर येणं. अठरा वर्षांत माणसाची पोरं कॉलेजात जातात, आईबाप जातात, गुडघे बोलायला लागतात. यातलं काहीही यात उमटलेलं नाही. एपिलोगनंतर सहा महिन्यांत काढला असता तरी असाच निघाला असता. आणि गाणं कुठे गेलं? हिब्रिसमध्ये टूर्ड लिंडमन स्वीडिशमध्ये गायचा. एक शब्द कळायचा नाही, पण त्या जंगलात कुणीतरी माणूस आहे एवढं कळायचं. या अल्बमवर तो नाहीच.

मंद्रसप्तक:
साफ असहमत. १९९२ मध्ये तरी ते कुठे नवीन होते? सगळं जग सिअ‍ॅटलच्या ग्रंज रॉकमागे धावत होतं तेव्हा ही पोरं (ड्रमर मात्तियास ओल्सन तर विशीच्याही आतला) १९७३ सालची वाद्यं शोधत फिरत होती. मेलोट्रॉन म्हणजे काय प्रकार आहे, बघा जरा. प्रत्येक पट्टीखाली फितीचा एक तुकडा, त्यावर खऱ्या व्हायोलिनचा किंवा कॉयरचा एकच सूर रेकॉर्ड केलेला. पट्टी दाबली की फीत सरकते, साधारण आठ सेकंदांत संपते, मग कितीही दाबून धरा, आवाज नाही. हवा बदलली की सूर हलतो. असलं नखरेल धूड नव्वदच्या दशकात मुद्दाम वापरणाऱ्या माणसांना काळाबरोबर चालायचं नव्हतंच. जे जन्मालाच वीस वर्षं जुनं होतं, ते आणखी अठरा वर्षांनी शिळं कसं होईल? भाकरी शिळी होते हो, लोणचं मुरतं.

आणि लिंडमनच्या गाण्याबद्दल खरं बोलू का? हिब्रिसमधला सगळ्यात कच्चा भाग तोच.

बेसूर_बाळ्या:
लोणचं मुरलं असतं तर तक्रार काय होती? फोडी अजून करकरीतच आहेत, हेच तर म्हणतोय. गाणं कच्चं होतं, मान्य. कच्चं होतं म्हणूनच आवडायचं.

चहा_बिनसाखरेचा:
मला यातलं फार कळत नाही, पण स्वीडिश प्रॉग म्हणजे ती डाव्या विचारांची गाणी ना?

गोथेनबर्गकर:
ते वेगळं, नेहमीचा घोळ आहे. सत्तरच्या दशकात इथे स्वीडनमध्ये 'प्रोग्ग' नावाची चळवळ होती. हूला बंदूला बँड, नॅशनलटेअटर्न वगैरे मंडळी. बाजारू संगीताला विरोध, राजकीय शब्द, ज्याला येईल त्याने वाजवावं असा खाक्या. एंग्लागोर्डचा वंश दुसरा, काइपा आणि बू हान्सन या प्रॉगवाल्यांच्या बाजूचा.

धागाकर्त्याने शब्द न कळण्याबद्दल लिहिलंय म्हणून सांगतो, यांची अर्धी गंमत नावांत आहे. हिब्रिसमधलं 'यूर्डरोक' म्हणजे शब्दशः भूमीचा धूर, पण ते एका रानवनस्पतीचं नाव आहे. 'कुंग बूरे' म्हणजे हिवाळा, राजाच्या रूपातला. नव्या अल्बममधलं 'सोर्यमान्तेल' म्हणजे सुतकाची शाल, आणि हेच एका काळपट फुलपाखराचंही नाव. अल्बमची पहिली रचना 'ऊर वीलान्दे', म्हणजे सुप्तावस्थेतून बाहेर. अठरा वर्षं गप्प बसलेल्या बँडने पहिल्याच रचनेला हे नाव द्यावं, आणि तुम्ही म्हणता त्यात अठरा वर्षं उमटली नाहीत?

इथला हिवाळा सात-आठ वेळा काढल्यावर मला हा अल्बम कळला असं वाटतं. नोव्हेंबरात दुपारी चारला अंधार पडतो. सोळा मिनिटांच्या 'स्नोर्दूम'साठी तेव्हा कुणी घड्याळ बघत नाही.

निर्गुणी:
इथे कुमार गंधर्वांची आठवण होणं साहजिक आहे. क्षयाने काही वर्षं गाणं बंद, देवासला पडून राहिले, कानावर माळव्यातली लोकगीतं पडत राहिली. उठले ते वेगळं गाणं घेऊनच. मौनाने माणूस बदलतो तो असा. एंग्लागोर्ड मौनात काय ऐकत होते?

मंद्रसप्तक:
आले कुमार! दोनशे प्रतिसादांनी येतात एरवी, आज लवकर आले.
अहो, कुमार आजाराने थांबले होते आणि एकटे होते. इथे बँड फुटला होता. पाच-सहा माणसं वर्षानुवर्षं वेगवेगळ्या कामांत, त्यांनी पुन्हा एका खोलीत बसून असली गुंतागुंतीची मोजमापं जुळवायची. तरी बदल ऐकायचाच असेल तर पाहुण्यांची वाद्यं ऐका, सेलो, टुबा, क्लॅरिनेट. हिब्रिसमध्ये घाई होती, दर वीस सेकंदांना नवी कल्पना. इथे एकेक कल्पना विस्तारत नेतात. विलंबिताची सवय असलेल्या माणसाने याला 'तेच ते' म्हणावं?

निर्गुणी:
विलंबितात विस्तार रागाचा असतो. इथे मला नुसती लांबी वाढलेली ऐकू येते. असो, टुबा पुन्हा ऐकतो.

फितीचा_गुंता:
एक मुद्दा सगळ्यांचा सुटलाय. अल्बम आला २०१२ मध्ये, आणि त्यानंतर लगेच गिटारवाला एंगदेगोर्ड, कीबोर्डवाला जॉन्सन आणि ओल्सन, तिघेही बाहेर. उरली बासरी आणि बास. मग आत कोण आलं? लिंडमन! २०१३ मध्ये जपानात कावासाकीला वाजवलं ते या नव्या संचाने, त्याचा लाइव्ह अल्बम २०१४ मध्ये निघाला. म्हणजे 'विलियान्स ओगा' हे पुनरागमन नव्हतंच. जुन्या मंडळींनी राहिलेलं देणं चुकतं केलं आणि निघून गेली. 'एपिलोग' (म्हणजे उपसंहार) हे नाव त्यांनी चुकून आधीच वापरून टाकलं होतं, एवढंच.

बेसूर_बाळ्या:
हे पटलं. चिडायचं कारण मात्र वाढलं, कारण मी अठरा वर्षं पुढच्या भागाची वाट बघत होतो आणि हाती आली थकबाकी. आणि ज्याच्या गाण्यासाठी मी रडत होतो तो बाबा अल्बम संपल्यावर परत आला!

गोथेनबर्गकर, दुपारी चारचा अंधार इकडे मिळणार नाही. मुंबईत सध्या रात्री अकरालाही पंख्याखाली घाम येतोय. पण 'सुतकाची शाल' हे माहीत नव्हतं, त्यामुळे आज ती बारा मिनिटं पुन्हा ऐकतो. बाकीच्या तीन रचनांबद्दल मत कायम.

मंद्रसप्तक:
ऐका आणि सांगा. तोवर लोणच्याची बरणी उन्हात ठेवतो.