दुधी गळतोय तो खताअभावी नव्हे

वेलावरचे कोवळे दुधी का गळतात, या प्रश्नावर ‘खत वाढवा, फळं धरतील’ असं दोघांनी लिहिलंय. दुधीच्या बाबतीत मला ते पटत नाही. खतातलं नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की नुसता पाला माजतो. सहाव्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीत, रंगाच्या वीस लिटरच्या डब्यात लावलेल्या वेलाला शेणखत, निंबोळी पेंड सगळं घालून झालं, तरी बोटाएवढे दुधी पिवळे पडून गळायचेच. कारण साधं होतं: परागीभवनच होत नव्हतं, म्हणजे नर फुलातले परागकण मादी फुलापर्यंत पोचतच नव्हते. दुधीची फुलं उमलतात संध्याकाळी, आणि इतक्या उंचावर तेव्हा पतंग-बितंग फिरकत नाहीत.

मग मीच तो उद्योग करायला लागलो. मादी फुलामागे लवदार, इवलासा दुधी असतो. नर फुलाचा देठ नुसताच लांब. दिवेलागणीला ताजं नर फूल खुडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवायचा. चारेक दिवसांत फळ फुगायला लागलं तर जमलं. कारल्याला मात्र हे सकाळी लवकर करावं लागतं. टोमॅटो-मिरचीला यातलं काही नको, फांदीला टिचकी मारली तरी पुरते. (शेजारच्या काकू अजून विचारतात, रोज संध्याकाळी फुलांशी काय कुजबुजता म्हणून.)