पाळत फक्त डोळ्यांनीच ठेवतात का?

शाईदौत:
आमच्या फिल्म ग्रुपमध्ये 'द लाइव्ह्ज ऑफ अदर्स' (२००६) दाखवणार आहोत, मराठी परिचय लिहायचं काम माझ्याकडे आलंय आणि मी पहिल्याच वाक्याला अडकलेय. १९८४ सालचं पूर्व बर्लिन, श्टाझीचा (म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचा) कॅप्टन व्हीसलर एका नाटककाराच्या बिल्डिंगच्या माळ्यावर हेडफोन लावून बसतो, जमिनीवर खडूनं खालच्या फ्लॅटचा नकाशा काढतो. मी लिहिलं 'पाळत ठेवतो'. ग्रुपमधल्या एका काकांनी ते खोडलं, म्हणाले पाळत डोळ्यांनी ठेवतात, हा तर नुसता ऐकतोय, 'हेरगिरी करतो' लिही. पण हेर शत्रूच्या मुलखात जातो ना? हा तर आपल्याच लोकांवर बसलाय.

कडुलिंब:
काकांचं पटलं नाही. आमच्या नगरकडे आजी म्हणायची, मांजर दुधाच्या पाळतीवर आहे. ते मांजर डोळे मिटूनच पडलेलं असायचं, कान तेवढे टवकारलेले. पाळत म्हणजे टपून राहणं, मग डोळ्यांनी असो की कानांनी. 'पाळत'च ठेवा.

जुनीवही:
हेराचं मात्र चुकतंय तुमचं. कौटिल्यानं स्वतःच्या अमात्यांवर आणि प्रजेवरसुद्धा हेर नेमायला सांगितलेत, शत्रूचा मुलूखच लागतो असं काही नाही. आणि नुसतं ऐकणंच दाखवायचं असेल तर 'कानोसा घेणं' आहे की.

कडुलिंब:
कानोसा घटकाभर घेतात हो, दार उघडायच्या आधी. इथे पाळ्या लावून चोवीस तास ऐकतायत आणि टाइप करून ठेवतायत.

बर्लिनकर:
जर्मनमध्ये असं चोरून ऐकण्याला 'आबह्योरेन' म्हणतात आणि डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतो त्यालाही हेच क्रियापद. लेकीला खोकला झाला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी हा शब्द सहज वापरला आणि मला एकदम तो माळा आठवला, कारण त्याच आठवड्यात मी नॉर्मानेनश्ट्रासवरचं श्टाझीचं जुनं मुख्यालय बघून आलो होतो, तिथे आता म्युझियम आहे. १९८९ मध्ये यांचे पगारी कर्मचारी सुमारे ९१,००० आणि खबरी सुमारे १,८९,०००, देशाची लोकसंख्या साधारण १.६ कोटी. सगळ्या प्रकाराला शब्द 'युबरवाखुंग', त्यात 'वाखेन' म्हणजे जागं राहणं.

उंबरठा:
जागं राहणं म्हटल्यावर आपला जागल्या आठवला!! अस्सल मराठी शब्द आहे, वापरा.

जुनीवही:
कृपा करून नको. हल्ली पेपरात जागल्या म्हणजे व्हिसलब्लोअर, गैरप्रकार उघडकीला आणणारा. या सिनेमात तो जागल्या कोण? नाटककार ड्रायमन. पूर्व जर्मनीनं आत्महत्यांचे आकडे छापणं बंद केलं, त्यावरचा लेख तो लपवलेल्या टाइपरायटरवर लिहितो आणि पश्चिम जर्मनीतल्या 'डेअर श्पीगल' साप्ताहिकाला पोचवतो. तुम्ही जागल्या व्हीसलरला म्हणालात तर सगळं उलटं होईल.

उंबरठा:
पेपरवाल्यांनी अर्थ फिरवला म्हणून आम्ही आमचा शब्द सोडायचा का? माझे पणजोबा गावचे जागले होते, रात्री हाळी देत फिरायचे, सगळ्या गावाला माहीत असायचं कोण जागा आहे ते.

कडुलिंब:
अहो मग तेच तर. तुमचे पणजोबा हाळी देत फिरायचे, हा लपून बसतो. गाव राखणं वेगळं आणि गावावर टपणं वेगळं.

शाईदौत:
हे मोलाचं सांगितलंत. अजून एक राहिलंच, व्हीसलरचं मन पालटतं त्याला काय म्हणू? 'सदसद्विवेकबुद्धी जागी होते' लिहिलंय पण वाचताना नागरिकशास्त्राचं पुस्तक वाटतं.

जुनीवही:
तुकोबांनी 'मन केले ग्वाही' म्हटलंय, ते घ्या. त्याचं मन ग्वाही देईना.

उंबरठा:
ग्वाही फारसी आहे.

जुनीवही:
तुकोबांच्या तोंडी बसला तो शब्द परका कसा म्हणायचा? साडेतीनशे वर्षं झाली की!

कडुलिंब:
मला तो लिफ्टमधला पोरगा आठवतो. तो म्हणतो बाबा सांगतात श्टाझीवाले वाईट असतात, लोकांना पकडून नेतात. व्हीसलर सवयीनं विचारायला जातो, नाव काय तुझ्या... आणि थांबतो. मग विचारतो, तुझ्या बॉलचं? बापाचं नाव विचारायला त्याची जीभ रेटली नाही. एवढंच लिहा, सदसद्विवेक वगैरे काही नको.

बर्लिनकर:
'जीभ रेटली नाही' एकदम चपखल!! जर्मनमध्ये मला तरी असं काही सापडत नाहीये. बरं, शेवटच्या वाक्याचं काय करताय? व्हीसलर ड्रायमनचं पुस्तक विकत घेतो, दुकानदार विचारतो गिफ्ट पॅक करू का, तो म्हणतो, नको, हे माझ्यासाठी आहे. पुस्तक त्यालाच अर्पण केलेलं आहे, तेही त्याच्या श्टाझीतल्या कोड नंबरानं, त्यामुळे अर्थ दुहेरी होतो.

कडुलिंब:
'माझ्यासाठीच आहे' करा. आपण दुकानात असंच बोलतो.

जुनीवही:
'च' अजिबात नको. 'च' लावला की तो ठासून सांगतोय असं वाटतं. हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा स्वतःबद्दल काहीतरी बोलतोय, तेही हळू.

कडुलिंब:
'च' नसेल तर भाषांतर वाटतं. आमच्या घरात 'च' शिवाय कुणी बोलत नाही.

शाईदौत:
परिचय शुक्रवारी छापायला द्यायचाय. पहिल्या वाक्यात 'पाळत' परत घातलंय, काकांचा फोन येऊन गेला, अजून 'हेरगिरी'वरच अडून बसलेत. 'च'चं मला अजून ठरवता येत नाहीये, सिनेमाचा शेवट आज रात्री परत ऐकून बघते.