आवडता क्षण सांगता, पण तो ऐकला कितीच्या वेगाने?

मंद्र
आठवड्याच्या पॉडकास्ट शिफारशींबरोबर प्रत्येकाने ऐकण्याचा वेगही लिहावा, असा माझा आग्रह आहे. दुप्पट वेगाने ऐकायचं आणि वर ‘काय क्षण होता!’ म्हणायचं, हे पटत नाही.

माझी पहिली शिफारस: ‘थर्टीन मिनिट्स टू द मून’, बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस, २०१९, निवेदक केविन फाँग. २० जुलै १९६९, अपोलो ११चं चांद्रयान ईगल चंद्राकडे उतरतंय आणि संगणक १२०२ क्रमांकाचा इशारा देतो. हे काय आहे ते सांगा, असं आर्मस्ट्राँग ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षाला विचारतो. त्यानंतर तिथून चार्ली ड्यूकचं ‘वुई आर गो ऑन दॅट अलार्म’ (इशारा असला तरी पुढे चला) यायला दहा-अकरा सेकंद लागतात. तेवढ्यात २६ वर्षांचा स्टीव्ह बेल्स आणि मागच्या खोलीत बसलेला, त्याहूनही लहान जॅक गारमन यांना उतरायचं की परत फिरायचं हे ठरवायचं असतं. दुप्पट वेगात या प्रसंगाची पाचेक सेकंदं उरतात आणि ‘विचारलं, सांगितलं’ एवढंच कळतं. यानाच्या संगणकावरचा भाग आधी ऐका. रडारच्या निरुपयोगी सिग्नलांनी संगणकाचा वेळ खाल्ला आणि त्याने कमी महत्त्वाची कामं बाजूला टाकली, हे माहीत असलं की १२०२ची खरी धडकी भरते.

दुसरी: ‘साँग एक्सप्लोडर’. हृषिकेश हिरवे २०१४पासून करतात. गाण्यातले ट्रॅक सुटे करून ऐकवतात, शेवटी अख्खं गाणं. हे दीडपट वेगाने ऐकणाऱ्याशी वाद घालायचीही इच्छा नाही.

डेसिबल
दुसऱ्या शिफारशीशी सहमत, पहिलीशी अंशतः. तुम्ही वेगाबद्दलच बोलताय, पण या चर्चेत नेहमी वेग वाढवणं आणि शांतता कापणं यांची सरमिसळ होते.

वेग वाढवताना ॲप आवाजाचे साधारण २०-३० मिलिसेकंदांचे तुकडे करतं, काही गाळतं आणि उरलेल्यांच्या कडा एकमेकांवर चढवून जोडतं. म्हणून पट्टी बदलत नाही, माणूस चिमणीसारखा बोलत नाही. पण प, ट, क यांचा फुटण्याचा आवाज मुळातच इतका छोटा असतो की जोडात सापडला तर बोथट होतो. तबला, ड्रम यांचे ठोके तर कधी दुहेरी ऐकू येतात.

शांतता कापणारं फीचर, म्हणजे ओव्हरकास्ट ॲपमधलं ‘स्मार्ट स्पीड’ किंवा पॉकेट कास्ट्स ॲपमधलं ‘ट्रिम सायलेन्स’, आवाजाची पातळी एका मर्यादेखाली गेली की मधला वेळ छाटतं. अपोलोच्या टेपवर सतत खरखर आहे, त्यामुळे तिथे ते फारसं काही छाटणार नाही. ते खरी वाट लावतं स्टुडिओत वाचलेल्या कथनाची. तिथे दोन वाक्यांमध्ये निव्वळ शून्य असतं आणि निवेदकाने मुद्दाम सोडलेली जागा पहिली जाते.

आणि वेगाने समजत नाही हा समज तपासून पाहा. २०२१मध्ये अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाच्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना व्याख्यानांचे व्हिडिओ वेगवेगळ्या वेगाने दाखवले. दुप्पटीपर्यंत आकलनात फारसा फरक पडला नाही, अडीचपटीला पडला.

मंद्र
त्या विद्यार्थ्यांना नंतर प्रश्न विचारले होते. परीक्षेत गुण मिळणं वेगळं, ऐकताना अंगावर काटा येणं वेगळं. मी माहितीच्या भागांबद्दल बोलतच नाहीये.

लोकलवासी
साफ असहमत. हा नियम लावला तर निम्मी चांगली पॉडकास्ट शिफारशीतून बाद. अमित वर्मांचं ‘द सीन अँड द अनसीन’ घ्या. २०१७मध्ये सुरू झालं तेव्हा भाग छोटे असायचे, आता पाच-पाच तासांच्या गप्पा असतात. पाच तास १.७ पटीने ऐकले तर तीन तासांच्या आत संपतात. संपूर्ण ऐकणारा वेगाने ऐकतो आणि संथ ऐकणारा चाळीस मिनिटांत सोडून देतो. मग क्षण कोणाला सापडणार?

सगळ्यांना एकच वेग लावायचा नाही, एवढं पाळा. अँटेनापॉड ॲपमध्ये प्रत्येक पॉडकास्टच्या सेटिंगमध्ये वेग वेगळा ठेवता येतो, सुरुवातीचे-शेवटचे ठरावीक सेकंद आपोआप गाळता येतात. पॉकेट कास्ट्समध्येही तसंच. माझे आकडे: एकट्याचं कथन १.२, मुलाखत १.५ ते १.७, बातम्या १.८, संगीत १. मराठी गप्पांना मात्र १.३च्या वर जाऊ नका. आपल्याकडे दोघं एकाच वेळी बोलतात, वर हसतात, आणि दीडपटीत कोण काय म्हणालं याचा लगदा होतो. नवीन निवेदक असेल तर पहिली पाच मिनिटं १नेच ऐकायची, कानाला आवाज ओळखीचा झाला की वाढवायचं.

सांजधून
वेगावर भांडताय, पण क्षण सापडत नाही त्याचं खरं कारण कोणी बोलत नाही. ‘३८:२० वर ऐका’ असं लिहिलेलं बहुतेकदा निरुपयोगी असतं. जाहिराती डाउनलोडच्या वेळी देश आणि तारीख बघून भरल्या जातात. बीबीसीची पॉडकास्ट ब्रिटनमध्ये जाहिरातींविना मिळतात, बाहेर जाहिरातींसह. लंडनहून दिलेली वेळ ठाण्यात एक-दोन मिनिटं चुकते. तोच भाग पुन्हा उतरवला तर तुमची स्वतःचीही चुकते. म्हणून त्या क्षणाच्या अगोदरचं एक वाक्य लिहा, किंवा प्रकरणं पाडलेली असतील तर प्रकरणाचं नाव.

शिफारस: बीबीसी रेडिओ ४चा ‘इन अवर टाइम’. १९९८पासूनचा खजिना, एक विषय, तीन अभ्यासक. मेल्विन ब्रॅग सूत्रसंचालक होते, त्या काळातल्या नंतरनंतरच्या भागांत प्रसारण संपल्यावरही ध्वनिमुद्रण चालू राहतं आणि काय सांगायचं राहिलं, असं ते विचारतात. बरेचदा सगळ्यात चांगलं तिथेच निघतं. ‘पुढचा भाग आपोआप लावा’ चालू ठेवून, संपलं समजून पुढे ढकलू नका.

डेसिबल
+१. वेळेबाबत आणखी एक: १.५ वर ऐकताना काही ॲप्स उरलेला वेळ वेगाप्रमाणे कमी करून दाखवतात. तो आकडा बघून वेळ सांगू नका, भागातली मूळ जागा बघा.

आणि लोकलवासी, तुमच्या आकड्यांत प्रवासाचा गोंगाट धरलेला नाही. बरेच पॉडकास्ट -१६ एलयूएफएसच्या (ऐकू येणाऱ्या आवाजाच्या पातळीचं एकक) आसपास असतात, पण जुन्या टेपा आणि घरगुती मुलाखती खूप खाली. डब्यात आवाज वाढवला की निवेदक कानात ओरडतो आणि पाहुणा तरीही ऐकू येत नाही. तिथे आधी ‘व्हॉल्यूम बूस्ट’ लावा, ते हळू आवाज वर आणतं. मग वेग ०.२ने उतरवा. वेगात बोथट झालेली व्यंजनं गाडीच्या खडखडाटात पार बुडतात.

लोकलवासी
बूस्ट मान्य, वेग उतरवणार नाही. डब्यात नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घालतो. आणि तो अपोलोचा भाग १.२ने ऐकावा, अशी माझी शिफारस. दहा सेकंदांची साधारण सव्वाआठ होतात.

मंद्र
ती पावणेदोन सेकंदच तर हवी होती.