एफआयआरने सिबिल साफ होत नाही

वर कुणीतरी लिहिलंय की पॅनची झेरॉक्स वापरून परस्पर कर्ज उचललं गेलं, तर एफआयआर केला की विषय संपतो. एफआयआर हवाच (आयटी कायदा २०००, कलम ६६सी, म्हणजे ओळखचोरी), पण त्याने क्रेडिट रिपोर्टमधली (सिबिलसारख्या कंपन्या ठेवतात त्या आपल्या कर्जांच्या हिशेबातली) नोंद हलत नाही. तिथे वेगळी तक्रार टाकावी लागते: रिपोर्टवरचा कंट्रोल नंबर (त्या रिपोर्टचा ओळख क्रमांक) घ्या, त्या खात्यापुढे 'हे खातं माझं नाही' असा ओनरशिपचा डिस्प्युट (मालकीबद्दलची तक्रार) नोंदवा, आणि कर्ज देणाऱ्या कंपनीलाही त्याच दिवशी ईमेल करा. फोनवर बोलून काही होत नाही, तारीख लेखी हवी. कारण घड्याळ तिथून सुरू होतं. तक्रार सोडवायला कर्जदात्याला २१ दिवस, सगळं मिळून ३०. त्यानंतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा २०२३चा आदेश. मागितल्याशिवाय सहसा कुणी आठवण करून देत नाही.

आणि फक्त सिबिल बघून थांबू नका. एक्सपीरियन, इक्विफॅक्स, सीआरआयएफ हाय मार्क या सिबिलसारख्याच कंपन्यांचाही वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. बोगस कर्ज कधीकधी एकाच ठिकाणी दिसतं. खात्यांच्या यादीखालचा एन्क्वायरीचा भागही (कर्जाच्या अर्जावरून कुणी तुमचा रिपोर्ट मागवला त्याची यादी) वाचा. अर्ज झालाय पण पैसे अजून सुटले नाहीत, असं प्रकरण तिथेच सापडतं.