विषय: आर्वीकडे होमस्कूलवाल्या मुलांना सोबत हवी

मीनल:
मंडळी, पुस्तकांच्या पेटीचं नंतर, आधी हे. देवळाच्या सभामंडपात रविवारी वाचन-खेळ चालू केले होते ना, त्याला पहिले दोन रविवार 17 लेकरं आली. आता कापसाची वेचणी लागली आणि परवा तिघंच. बाकीची आईसोबत वावरात. आमचा धाकटा सतरंजी अंथरून, पाण्याची कळशी भरून साडेदहापर्यंत पायरीवर वाट पाहत होता. अभ्यास आम्ही दोघं घरी घेतो, पण सवंगडी कुठून आणू? आर्वी, पुलगाव, तळेगाव, कुठेही ओळखीचं घर असेल, मुलं शाळेत जाणारी असली तरी चालेल, आजच कळवा.

श्रीकांतकाका:
अगं, तू नई तालीमच्या जिल्ह्यात आहेस! 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हेच मांडलं, हाताच्या कामातून आणि मातृभाषेतून शिक्षण. सेवाग्रामला आनंद निकेतन शाळा आहे, तिथे जा. माझ्या वडिलांची तकली अजून माझ्या टेबलावर आहे.

वैशाली (डॅलस):
काका, ती शाळा झाली. आमच्याकडे होमस्कूलवाली दहाबारा घरं शुक्रवारी पार्कात जमतात, तसं हवंय तिला. आणि दहावीचं काय? भाच्याच्या वेळी 17 नंबरच्या फॉर्मला (शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा) शाळा सोडल्याचा दाखला मागितला, तो मिळवण्यात महिना गेला.

अनघा:
दहावीला एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळा, आहे की. वय 14 पूर्ण लागतं, मराठी माध्यम मिळतं.

सुहास (ग्रंथालय):
पेटीबद्दल. पुस्तकं मंडळाची आहेत, कार्यकारिणीचा ठराव झाल्याशिवाय पाठवता येणार नाहीत. मागे नागपूरला दिलेल्यांची पोच अजून आलेली नाही.

मीनल:
सुहासदादा, ठराव करा, पोच मी सहीनिशी देते. काका, सेवाग्रामला दिवाळीआधी जाऊन आलो, मुलांना फार आवडलं. पण एसटीनं जाण्यायेण्यात अख्खा दिवस जातो, दर आठवड्याला कसं जमणार? वैशाली, दहावीला अजून पाच वर्षं आहेत.

काल शेजारच्या काकू म्हणाल्या, "लेकरं येत नाहीत त बसून काहून रायता? तुमचीच धाडा ना वावरात." गेलो. संध्याकाळी बांधावर गठुडी तोलायला घेतली, थोरलीनं वहीत एकेकीचे किलो मांडून मजुरी काढली. गावातल्या दोन मुलींनी तिची बेरीज चुकलेली दाखवली. मग तिघी अंधार पडेपर्यंत गठुड्यांवर बसून बोलत होत्या. जूनपासून पहिल्यांदाच तिला हाका मारून घरी आणावं लागलं.

म्हणून रविवार सोडला. आता रोज दिवेलागणीनंतर, आमच्या अंगणात. वीज जाते, तेव्हा दोन सोलर कंदील हवेत.

अनघा:
कंदील माझ्याकडून. तळेगावला माझी मावसबहीण आहे, तिच्या मुलांची शनिवारी सकाळची शाळा असते, दुपारी मोकळी. तिला विचारून नंबर तुला वेगळा पाठवते.

सुहास:
येत्या बैठकीत ठराव घेतो. कंदिलाच्या उजेडात वाचायची असतील तर मोठ्या अक्षरांची काढून ठेवतो. मुलं किती वर्षांची आहेत, तेवढं कळव.