डरवेंटचा मनोरा

इंग्लंडमधल्या लेडीबाउअर धरणात डरवेंट नावाचं गाव बुडालं. धरणाचं पाणी आटलं की तिथल्या चर्चचा मनोरा दिसतो असं काहीजण सांगतात, पण तो १९४७ सालीच सुरुंग लावून पाडला, लोक पोहत तिथपर्यंत जायला लागले होते आणि जिवाला धोका होता म्हणून. २०१८ आणि २०२२ च्या उन्हाळ्यात उघडे पडले ते घरांचे पाये आणि दगडांचे ढीग.

गाव मात्र नुसतंच बुडू दिलं नाही. कबरींमधले देह आधी काढून खालच्या बॅमफर्ड गावातल्या चर्चच्या आवारात पुरले, आणि जुना दगडी पूल, घोड्यांवरून माल न्यायचे तो, एकेका दगडाला नंबर घालून सोडवला आणि वरच्या अंगाला त्याच डरवेंट नदीवर पुन्हा उभा केला. आजही त्यावरून चालत जाता येतं, मला हे फार मोलाचं वाटतं.