मंडईत चिलीचा 'कुएका सोला' बसवायचा आहे: ताल, पाय आणि रिकामी जागा

धानपट्टा_मास्तर
आमच्या खडीगंमत (लोकनाट्य) मंडळाला यंदा भाऊबीजेनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, गणगौळण झाल्यावर एक वेगळा प्रवेश घ्यायचा आहे. ११ सप्टेंबर १९७३ ला चिलीत पिनोशेच्या लष्कराने सत्ता बळकावली, माणसं उचलून नेली, अनेकांचा पत्ताच लागला नाही. त्यांच्या बायका-आया-बहिणींनी ८ मार्च १९७८ ला सान्तियागोच्या काउपोलिकान नाट्यगृहात कुएका हा जोडीचा नाच एकटीने केला, तो हा कुएका सोला. आमच्याकडे ढोलकी, टाळ, पेटी आहे. ताल कसा धरायचा? मातीच्या पटांगणात पायांचं काम दिसेल का? स्पॅनिश न कळणाऱ्या लोकांपर्यंत पोचेल का?

वैनगंगाकाठ
पोचेल जी, पण त्याआधी लोकांना जोडीचा कुएका दाखवा. एकटीचा नाच थेट सुरू केला तर कोण गेलंय हेच कळत नाही.

तालमीतही हाच क्रम ठेवा. कुएकात दोघे समोरासमोर, सुमारे तीन मीटर अंतरावर, उजव्या हातात रुमाल. सुरुवातीची फेरी, मग आपापल्या अर्ध्या भागात अर्धचंद्रासारख्या कमानी, मग गाणाऱ्यांनी 'वुएल्ता' (वळा) म्हटलं की जागांची अदलाबदल. पुढे पाय जमिनीवर झाडल्यासारखे घासायचे, शेवटी टाचा-चवडे आपटायचे. दोघांना हे पक्कं बसलं की पुरुषाला बाहेर काढा. बाईने मात्र एक पाऊलही बदलायचं नाही. अदलाबदलीत तो मधून जाणार आहे, एवढी वाट सोडून ती वळली पाहिजे. रुमाल त्याच्या बाजूला, नजर त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. बिघडतं ते इथंच: नाचणारी नकळत मध्यभागी सरकते, आणि मग तो साधा एकल नाच होतो. चुन्याने वर्तुळ आखा, मधोमध रेघ ओढा. तिने पलीकडे जायचं ते फक्त अदलाबदलीच्या वेळी.

पोशाख पांढरा ब्लाउज, काळा घागरा. छातीवर फोटो. लॅमिनेट केलेला नको, हॅलोजनच्या उजेडात नुसता चकाकतो. पुठ्ठ्यावर साधा कागद चिकटवा, चारही कोपऱ्यांना सेफ्टी पिन लावा, नाहीतर वळताना उलटतो. चिलीतल्या बाया स्वतःच्या माणसाचाच फोटो लावत. आपण कुणा खऱ्या माणसाचा चेहरा घेऊ नये. काळी आकृती काढा आणि खाली 'कुठे आहेत?' लिहा. हाच प्रश्न त्या विचारत होत्या.

घुंगरू नकोत. लोकांचं डोकं लगेच लावणीकडे जातं. आणि रडणं नको! त्या बाया ताठ मानेने नाचल्या, त्या ताठपणातच आरोप होता. राजवटीनेच १९७९ मध्ये कुएकाला राष्ट्रीय नृत्य जाहीर केलं. म्हणजे सरकारी कार्यक्रमात जो नाच आनंदाने नाचवला जायचा, त्याच नाचात ह्या बायांनी रिकामी जागा दाखवली. निवेदनात एवढं नक्की सांगा.

ढोलकी_तुमसर
ताल सहा मात्रांचा, पण दादऱ्यावर सोडून देऊ नका. कुएकाची गंमत अशी की त्याच सहा मात्रा कधी ३+३ तर कधी २+२+२ अशा लागतात. ढोलकीने १ आणि ४ वर वजन द्यावं, टाळाने १, ३, ५ वर. आधी हातांनी, दोन गट करून, मिनिटाला साठ ठोक्यांच्या संथ लयीत बसवा. ढोलकीवाला टाळाच्या मागे गेला की सगळं सपाट होतं. म्हणून दोघांना शेजारी बसवू नका.

मूळचा साज गिटार आणि बायांच्या आवाजांचा. पेटीने धून वाजवली तरी चालेल, फक्त लांब सूर भरू नका. जोडीच्या वेळी सगळी वाद्यं, एकटीच्या वेळी एकच वाद्य आणि आवाज.

माती पायांचा आवाज गिळते. आठ फूट बाय आठ फूट तखत टाका, फळ्यांखाली विटा घट्ट बसवा. माइक तखताच्या कडेला, जमिनीपासून वीतभर वर. लोक तालावर टाळ्या धरतात, त्याने शेवटचं पायकाम बुडतं. जोडीच्या वेळी धरू द्या, नंतर निवेदकाने हात वर करून थांबवावं.

धानपट्टा_मास्तर
खूप उपयोगी, दादा. पोरं म्हणतात दक्षिण आफ्रिकेचा गमबूट नाचही जोडू. भाताच्या बांधीत घालायचे रबरी बूट घरोघरी आहेतच.

वैनगंगाकाठ
एकाच रात्री नको. तो सोन्याच्या खाणीतल्या मजुरांचा नाच, बुटांवर थापा मारून, रांगेत, जोरदार. त्याच्यापुढे ही एकटी बाई टिकणार नाही. पुढच्या मंडईला घ्या. तेव्हा बूट एक नंबर मोठे नकोत, थाप पोकळ लागते आणि घोटे सोलतात.

खंजिरी_भजनी
मास्तर, जोडायचंच तर आधी आपलं जोडा. १६ ऑगस्ट १९४२ ला इंग्रजांविरुद्ध चिमूर पेटलं. त्याच साली तुकडोजी महाराजांना अटक झाली, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. इंग्रज सरकारला खंजिरीवरच्या भजनांची धास्ती का वाटली, हे आपल्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही. दोन मिनिटांचं खंजिरी भजन झालं की निवेदक सरळ चिलीवर येऊ शकतो.

मंडईच्या दिवसांत रात्री दव पडतं, कातडं सैल होऊन खंजिरीचा आवाज बसतो. प्रवेशाच्या दहा मिनिटं आधी निखाऱ्यापासून हातभर दूर धरून फिरवत शेका; एकाच जागी धरली तर कातडं फाटतं. दुसरी खंजिरी तयार ठेवा. घोरपडीच्या कातड्याची जुनी कुणी आणली तर घेऊ नका, वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. बकरीचं कातडं चालतं, फक्त शेकायला थोडा जास्त वेळ द्या.